हिसाओसाठी बांधलेलं घर

आढं चढलं त्या दिवशी तोकुजीनं रिवाजाप्रमाणे छपरावरून मोचीच्या वड्या उधळल्या, पण खाली झेलायला माणसंच नव्हती.

नाही म्हणायला अकराजण जमले होते. त्यातले आठ सत्तरीच्या पुढचे. पूर्वी त्सुबाकिहामात कुणाचं घर उभं राहिलं की सगळी वस्ती लोटायची. तांदळाच्या त्या पांढऱ्या-गुलाबी वड्यांसाठी पोरं एकमेकांच्या अंगावर चढायची, बायका एप्रन पसरून उभ्या राहायच्या. आज वड्या नव्या कोऱ्या मातीत पडत होत्या आणि पडून राहत होत्या.

"अहो तोकुजीसान, माझ्या डोक्यात कसल्या घालताय? मला वाकता येत नाही, थेट ओटीत टाका!" शेजारच्या प्लॉटवरची तोमे म्हातारी खालून ओरडली, तसे सगळे हसले. त्याची बायको किनुएही हसली. मग ती टोपली घेऊन वड्या वेचत फिरली आणि मोजून प्रत्येकाच्या पिशवीत टाकल्या. दोन टोपल्या तशाच उरल्या.

त्सुनामीची लाट येऊन गेली त्याला सात वर्षं झाली होती. एवढ्या काळात सरकारनं टेकडीचा माथा कापून सपाट केला आणि चौतीस प्लॉट पाडले. सोडत निघेपर्यंत सहा कुटुंबं शहरात निघून गेली, काही म्हातारी पत्र्याच्या तात्पुरत्या खोल्यांतच वारली. शेवटी घरं उभी राहिली ती एकोणीस. बाकीच्या जागांवर गवत माजलं होतं. तोकुजी-किनुएच्या वाट्याला अगदी कडेचा प्लॉट आला. तिथून खाली अख्खी खाडी दिसे, आणि जिथे गाव होतं ती काँक्रीटच्या भिंतीमागची रिकामी जमीनही.

घराचा नकाशा तोकुजीनं स्वतः काढला होता. पंचाहत्तरीचा कोळी तो, समुद्रात वाकामेच्या, म्हणजे खायच्या शेवाळाच्या, दोऱ्या लावून आयुष्य काढलेला. त्याला पट्टी धरून रेघ मारता येत नव्हती. तरी त्यानं जुन्या घरातली एकेक खोली आठवून कागदावर मांडली. दक्षिणेला बैठकीची खोली, तिच्या पोटात पितरांच्या देवघराचा कोनाडा, माडीवर मुलाची खोली, आणि त्या खोलीला लागून एक लहानशी.

नकाशा बघून ओनोदेरा सुतारानं डोकं खाजवलं. "दोघंच राहणार ना? मग एवढा पसारा कशाला? झाडता झाडता वहिनींची कंबर मोडेल."

"मुलगा येणार आहे," तोकुजी म्हणाला.

"आणि ही छोटी?"

"ती असू दे."

किनुए शेजारीच चहा ओतत होती. मुलगा येणार असं मुलगा कधीच म्हणाला नव्हता. हिसाओ दोन तासांवरच्या शहरात एका गोदामात कामाला होता. एका खोलीत राहायचा. फोनवर घराचा विषय काढला की तो म्हणायचा, "बघू." त्या एका 'बघू'वर तोकुजीनं दोन मजले चढवले होते.

तिला घर नकोच होतं. सरकारी चाळीत दोन खोल्या मिळाल्या असत्या, खाली दुकान, शेजारी ओळखीच्या बायका. पण नवऱ्याला ती कधी तसं म्हणाली नाही. या घरामागे काय आहे ते तिला ठाऊक होतं. त्याच्याखेरीज ते फक्त तिलाच ठाऊक होतं.

धरणी हादरली त्या दुपारी किनुए धक्क्यावरच्या शेडमध्ये वाकामे उकळत होती. बाकीच्या बायकांबरोबर ती देवळाच्या टेकडीवर पळाली आणि वाचली. तोकुजीनं होडी खोल समुद्रात नेली, लाट उभी राहायच्या आत तिच्यावरून पार झाला, आणि वाचला. हिसाओ तेव्हा डोंगरापलीकडे कामावर होता. घरी होती त्याची बायको फुमिए आणि सहा वर्षांची चिनात्सु.

फुमिए एप्रिलमध्ये सापडली, घराच्याच ढिगाऱ्याखाली. एप्रनच्या खिशात गाडीची किल्ली होती. चिनात्सु सापडलीच नाही.

ती किल्ली हिसाओच्या डोक्यात रुतून बसली. गाडी अंगणात, किल्ली खिशात, वरची शाळा चार मिनिटांवर, हातात अर्धा तास. मग ही बाई गेली का नाही? फुमिए जात्याच संथ होती. लग्नाला जायचं तर सगळे दारात चपला घालून उभे आणि ही अजून गॅस तपासतेय. त्यावरून तो पूर्वी तिची थट्टा करायचा. आता त्या थट्टेचं विष झालं. "आवरत बसली असेल," तो म्हणायचा. "भांडी घासून ठेवत असेल. तिच्या आवरण्यापायी माझी पोर गेली."

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, पितरांच्या दिवसांत, तोकुजीनं किनुएला खरं सांगितलं. पत्र्याच्या खोलीत भर दुपारी ती काकड्या चिरत होती. तो भिंतीकडे तोंड करून बोलला. बोलून झाल्यावर म्हणाला, "आज हिसाओ येईल, त्याला सांगतो."

"नका," किनुए म्हणाली. "आत्ता नका सांगू. तो जीव देईल, नाहीतर तुमचा घेईल. आत्ता नको."

त्या 'आत्ता'ची सात वर्षं झाली.

पुढच्या मार्चमध्ये, वर्षश्राद्धाला, फुमिएची आई डोंगरापलीकडून आली होती. भटजींची पोथी संपल्यावर ती हिसाओला म्हणाली, "जावईबापू, तब्येत सांभाळा. फुमिएला बरं वाटणार नाही." आणि हिसाओ सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमच्या मुलीनं माझी मुलगी मारली. तिला काय वाटेल ते मला सांगू नका." म्हातारीनं मान खाली घातली, जमिनीला कपाळ टेकवलं आणि म्हणाली, "माफ करा. माझ्या मुलीची चूक झाली." किनुए हिसाओच्या शेजारी मांडी घालून बसली होती. तिला जीभ उचलता आली असती. तिनं उचलली नाही. फुमिएची आई त्यानंतर कधी आली नाही.

घर नोव्हेंबरात पुरं झालं. ओनोदेरानं दारं-खिडक्या सरकवून दाखवल्या. बोटानं लोटलं की आवाज न करता सरकत होत्या. नव्या तातामी चटयांचा हिरवट वास घरभर भरला होता. रविवारी राहायला जायचं ठरलं, आणि हिसाओ म्हणाला, "सामान हलवायला येतो."

तो आला. सकाळी आठलाच, गोदामातली गाडी मागून घेऊन. पंचेचाळिशीतला माणूस, केस निम्मे पिकलेले. सामान ते किती! सगळं दान म्हणून मिळालेलं: कुणाची कपाटं, कुणाच्या गाद्या, कुठल्याशा संस्थेचं नाव छापलेली भांडी. दोन खेपांत संपलं. हिसाओनं धुलाईयंत्र एकट्यानं पाठीवर घेतलं तेव्हा तोकुजी मागून धावत म्हणाला, "अरे हळू, कंबर धरेल!"

"तुम्ही बाजूला व्हा बाबा, तुमच्याच पायात अडकून पडेन," हिसाओ म्हणाला, आणि त्याच्या आवाजात कित्येक वर्षांत न ऐकलेलं काहीतरी होतं. एवढीशी आशाही किनुएला पेलेना.

तो माडीवर गेला. आपली खोली बघितली, खिडकी उघडून बंद केली. मग शेजारच्या लहान खोलीच्या दारात उभा राहिला. खिडकी मुद्दाम खाली ठेवलेली होती, लहान मुलाला बाहेर बघता यावं इतकी.

"ही कुणाची?"

तोकुजी जिन्यावर होता. "कुणाची नाही. असावी म्हणून."

"उन्हं चांगली येतात," हिसाओ एवढंच बोलला आणि खाली आला.

दुपारी किनुएनं सोबाच्या शेवया उकडल्या. नव्या घरातलं पहिलं जेवण तेच. आधी लाल भाताची एक वाटी तिनं देवघरापुढे ठेवली. देवघर तेवढं नवं घेतलं होतं, काळ्या लाखेचं. सासऱ्याच्या आणि सासूच्या नावाची लाकडी पाटी मांडून झाली होती; गेलेल्या माणसाची अशी पाटी देवघरात ठेवतात. फुमिएच्या आणि चिनात्सुच्या पाट्या अजून कापडात गुंडाळलेल्या होत्या. त्या पत्र्याच्या खोलीत कपाटावर राहिल्या होत्या. नीट जागा त्यांना आजच मिळायची होती.

"तूच मांड," तोकुजी मुलाला म्हणाला.

हिसाओनं कापड सोडलं. चिनात्सुची पाटी पुढे, अगदी मधोमध ठेवली, बोटानं सरळ केली. फुमिएची हातात घेऊन थांबला आणि मग कोपऱ्यात, सगळ्यांच्या मागे सरकवून दिली.

"हिला मागेच बरं," तो हसत म्हणाला. "सवय आहे तिला मागे राहायची."

तोकुजीच्या हातात चॉपस्टिक्स होत्या. त्यानं त्या वाडग्यावर आडव्या ठेवल्या.

"हिसाओ, तिची पाटी पुढे आण."

"राहू द्या ना बाबा. आजच्या दिवशी नको."

"ती मागे राहिली नव्हती. मी ठेवली तिला."

किनुएनं नवऱ्याकडे पाहिलं. मान हलवावी, हात धरावा, असं तिला वाटलं, पण उशीर झाला होता. खरं तर सात वर्षांपूर्वीच झाला होता.

"काय म्हणालात?"

"होडीकडे जाताना मी घरावरून गेलो." तोकुजी वाडग्याकडे बघत बोलत होता. "गाडी चालू होती. चिनात्सु मागे बसलेली, टोपी घालून. फुमिए म्हणाली, बाबा, शाळेवर जातो आम्ही. मी म्हटलं, काही गरज नाही. माझ्या बापानं हे घर लाटेला मोजून बांधलंय. मी सतरा वर्षांचा होतो तेव्हाची लाट दोन शेतं खाली थांबली, माझ्या डोळ्यांदेखत. म्हटलं, रस्त्यावर गर्दी होईल, अडकाल, त्यापेक्षा माडीवर जा."

"आणि ती काय म्हणाली?"

"म्हणाली, चिनात्सु घाबरलीये. मी म्हटलं, तू घाबरतेस म्हणून पोर घाबरते. मीच खिडकीतून हात घातला. गाडी बंद केली. किल्ली तिच्या हातात दिली."

बाहेर तोमे म्हातारीचा कुत्रा भुंकत होता. शेवया थंड होऊन एकमेकींना चिकटल्या होत्या.

"परत सांगा," हिसाओ म्हणाला.

तोकुजीनं परत सांगितलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. सात वर्षं रोज घोकल्यासारखे.

किनुएला वाटलं होतं, पोरगा वाडगा भिरकावेल, बापाच्या अंगावर जाईल. तसं काही झालं नाही. हिसाओ उठला, देवघरात हात घालून बायकोची पाटी त्यानं कोपऱ्यातून काढली आणि मांडीवर घेऊन बसला. अंगठ्यानं तिच्यावरची सोनेरी अक्षरं चाचपत राहिला.

"सात वर्षं," तो म्हणाला. "तिला एक उदबत्ती नाही लावली मी. तिच्या आईला..." मग त्यानं मान वर केली. बापाकडे नाही, आईकडे पाहिलं.

"आई, तुला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. तोकुजीनं चकार शब्द काढला नसता, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या ऑगस्टपासून."

तो मनात हिशेब लावत होता. तो कुठल्या दिवशी जाऊन थांबणार हे तिला कळत होतं.

"म्हणजे वर्षश्राद्धाला तू माझ्या शेजारी बसली होतीस."

"हो."

"तिच्या आईनं डोकं टेकवलं, तेव्हा."

"हो."

"हिचा दोष नाही," तोकुजी मध्येच म्हणाला. "मलाच धीर झाला नाही."

"मी नको म्हटलं होतं," किनुए म्हणाली. "हे सांगणार होते. मीच थांबवलं. तू जीव देशील म्हणून भ्यायले."

हिसाओनं मान डोलावली, एखाद्या परक्या माणसानं पत्ता समजावून सांगितल्यावर डोलवावी तशी. "बाबांचं कळतं मला," तो हळूच म्हणाला. "त्यांना खरंच वाटलं असेल, घर टिकेल. पण तुला तर खरं माहीत होतं ना गं. दर वेळी मी तिला शिव्या द्यायचो, आणि तू मला भात वाढायचीस."

"एक फडकं दे," तो म्हणाला.

तिनं कपाटातून निळं, चांगल्यातलं कापड काढलं. त्यानं दोन्ही पाट्या त्यावर ठेवल्या. त्याला गाठ मारता येईना, म्हणून तिनंच बांधून दिली. दारात तो बूट घालत होता तेव्हा ती म्हणाली, "शेवया तरी खाऊन जा." म्हणताक्षणी तिला स्वतःची शिसारी आली. तो गाडीत जाऊन बसला. गाडी उतारावरून खाली गेली, वळणावर दिसेनाशी झाली. तोकुजी जागेवरून हलला नव्हता.

"सांगायला नको होतं का?" त्यानं विचारलं.

"तेव्हाच सांगायला हवं होतं," ती म्हणाली, आणि वाडगे उचलून मोरीवर गेली.

आठवड्यानं फुमिएच्या आईचा फोन आला. आवाज इतका थकलेला होता की किनुएनं आधी ओळखलाच नाही. हिसाओ आला होता. दारातच गुडघ्यांवर बसला, आत या म्हटलं तरी येईना. पाट्या दिल्या. "आता त्या इथेच राहतील," म्हातारी म्हणाली. किनुए माफी मागू लागली तशी ती म्हणाली, "नको. मी त्या दिवशी सगळ्यांसमोर मुलीची चूक कबूल केली. आई असून कबूल केली. आता तुम्ही माझ्याकडे काही कबूल करू नका. मला ऐकवत नाही." आणि तिनं फोन ठेवला.

हिसाओनं नंबर बदलला. गोदामात विचारलं तर कळलं, नोकरी सोडून गेला. कुठे, ते कुणाला ठाऊक नव्हतं.

घर मात्र ओनोदेरानं चोख बांधलं होतं. बाहेर बर्फ भुरभुरत असताना आत एका शेगडीवर ऊब राहायची. पत्र्याच्या खोलीत शेजाऱ्याची जांभईसुद्धा ऐकू यायची. इथे दिवसच्या दिवस काही ऐकू येत नसे. किनुए माडीवर फक्त झाडायला जायची. तोमे म्हातारी मुळ्याचं लोणचं घेऊन यायची, घरभर नजर फिरवून म्हणायची, "नशीबवान हो तुम्ही. मुलगा नववर्षाला येणार असेल ना?"

"कामं असतात त्याला," किनुए म्हणायची.

तोकुजी घरात टिकेनासा झाला. सकाळी सातला तो खाली धक्क्यावरच्या त्याच्या शेडमध्ये जायचा आणि अंधार पडताना जेवायला वर यायचा. थंडीत वाकामेची फारशी कामं नसतात. तो तिथे काय करतो, हे तिनं विचारलं नाही. एकदा डबा विसरला म्हणून ती खाली घेऊन गेली. तो जाळ्यांच्या ढिगावर बसला होता, पाण्याकडे तोंड करून, हात मांडीवर. विणायला काही घेतलेलं नव्हतं.

जानेवारीत, दुपारी तीनच्या सुमारास, धरणी हलली.

लांबलचक, आडवा धक्का. कपाटातली भांडी किणकिणली. मग खांबावरचा भोंगा सुरू झाला: लाटेचा इशारा, किनाऱ्यापासून दूर जा, उंचावर जा, किनाऱ्यापासून दूर जा. टेकडीवरचे सगळे बाहेर येऊन कडेला उभे राहिले. खालून दोन-तीन गाड्या वर आल्या. मासळी सोसायटीतली माणसं होती.

"तोकुजीसान कुठेत?" तोमेनं विचारलं.

"येतीलच," किनुए म्हणाली.

तिच्या अंगणातून शेडचं छप्पर दिसायचं, आणि पुढे उभी असलेली त्याची पांढरी गाडी. गाडी हलत नव्हती. तिनं फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. चार मिनिटांची तर वाट, तो पायीही आला असता. भोंगा ओरडत होता आणि खाली कुणीच हलत नव्हतं. मग तिला कळलं की त्याचं काहीही अडलेलं नाही. तो तिथे बसला होता, एवढंच.

ती दारात आली आणि बूट घातले. जावं, हाताला धरून ओढत आणावं. ती उंबऱ्यात उभी राहिली. गुडघे दुखत होते, पण ती थांबली ते गुडघ्यांमुळे नाही. आणून काय करायचं होतं? या घरात आणून बसवायचं होतं? बूट घालून, हातात फोन धरून ती पाऊणएक तास उभी राहिली. भोंग्याचा सूर बदलला, इशारा उठला. लाट आली होती चाळीस सेंटिमीटरची.

तोकुजी नेहमीच्या वेळी वर आला. हातपाय धुतले.

"किती आली?" त्यानं विचारलं.

"हातभर."

"हं." तो जेवायला बसला. तिनं भात वाढला, मासळीचं सार वाढलं. तो जेवत होता.

"फोन का नाही उचललात?"

"उचलला असता तर काय म्हणाली असतीस?"

किनुएनं विचार केला. वर या, असं म्हणाली असती का, याची तिची तिलाच खात्री वाटेना. तिनं साराचा वाडगा पुन्हा भरला आणि त्याच्या पुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो पुन्हा खाली निघाला. तिनं डबा भरून दिला.